डिक्शनरी ॲप चार महिने वापरून: गाडी ‘अपरिपक्व’वर अडली

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घरातल्या नि शाळेतल्या तीन-चार जणांच्या फोनवरची दुसरी ॲप्सपण मी उघडून बघितली, थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच, मग एकाचंच नाव कशाला घ्या. इंग्रजी-मराठी आणि मराठी-इंग्रजी असा दोन्हीकडून शब्द शोधता येतो, अख्खं वाक्य टाकलं तर भाषांतर करून देतं, जाहिराती नको असतील आणि नेट नसताना चालायला हवं असेल तर वर्षाचे ४९९ रुपये. मी फेब्रुवारीत भरले, आता जून चालू आहे.

मी गोव्यात डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आमची मुलं घरी कोंकणी बोलतात, शाळेत मराठी लिहितात-वाचतात, हिंदी टीव्हीवरून येतं आणि इंग्रजी पहिलीपासून आहेच, म्हणजे एकेक शब्द तीन-चार भाषांतून फिरवून बघायची सवय पोरांना असते आणि आम्हा बायांनाही. यंदा वर्षअखेरच्या नोंदींसाठी जो नमुना हाती आला तो सगळा इंग्रजीत, त्यातले पर्याय निवडायचे आणि पालकांना द्यायच्या कार्डावर मराठीत उतरवायचे, म्हणून मी हे ॲप घेतलं.

आधी चांगलं ते सांगते. वाळपईच्या पुढे माझं माहेर आहे, तिथे रेंज नाही, तरी ॲप चालतं. अक्षर मोठं करता येतं, ऱ्हस्व-दीर्घ चोख आहे, आणि झाडं-पक्ष्यांची नावं खरंच मन लावून भरलीत. गोव्याचा राज्यवृक्ष माट्टी, त्याला मराठीत ऐन म्हणतात, हे ॲपने पहिल्या फटक्यात बरोबर दाखवलं, परिसर अभ्यासाला मला त्याचा फार उपयोग झाला. उच्चार ऐकवणारं बटण आहे, तोही आवाज स्वच्छ आहे. एवढ्यासाठी पैसे गेले असं मी म्हणणार नाही.

आता जे झालं ते. एप्रिलमध्ये एकतीस मुलांच्या नोंदी लिहायच्या होत्या, रात्रीचे साडेदहा वाजलेले, तिसरीतल्या एका मुलासाठी मी जो पर्याय निवडला होता त्यात ‘इमॅच्युअर’ हा शब्द होता, वयाच्या मानाने तसा, या अर्थाने. मुलगा कसा तर हुशार, पण हात वर करायच्या आधी उत्तर ओरडून मोकळा होणारा, खेळात आऊट झाला की रडून मैदानावर बसणारा. ॲपमध्ये टाकलं, आलं, ‘वयाच्या मानाने अपरिपक्व’. वाक्य शुद्ध होतं, मी कार्डावर लिहिलं आणि पुढच्या मुलाकडे वळले.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी त्याची आई आली. काजूचा सीझन, ती काजूच्या बागेत कामाला जाते, त्या दिवसाचा रोज बुडवून आलेली. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेलं, ते टेबलावर पसरलं आणि त्या शब्दाखाली बोट ठेवलं. हाताला काजूच्या तेलाने काळे डाग पडलेले, कार्डाला लागू नयेत म्हणून बोट जरा वर धरलेलं. म्हणाली, ‘‘बाई, हें कितें बरयलां? ताचीं फुफ्फुसां अजून कच्चीं आसात?’’ म्हणजे, हे काय लिहिलंय, त्याची फुफ्फुसं अजून कच्ची आहेत का?

मला क्षणभर कळेचना. मग तिने सांगितलं. मुलगा बत्तिसाव्या आठवड्यात झालेला, कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होता, आणि तिथल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की बाळाची फुफ्फुसं अपरिपक्व आहेत. हा शब्द तिने आयुष्यात तेव्हा एकदाच ऐकला होता, काचेच्या पलीकडे मूल असताना, आणि आठ वर्षांनी तोच शब्द मी तिच्या हातात दिला. तिला वाटलं शाळेत तपासणीला डॉक्टर येतात त्यांना काहीतरी सापडलंय आणि बाईंनी ते कार्डावर लिहिलंय. दोन रात्री झोपली नव्हती.

डॉक्टरांनी तो शब्द तिथे वापरला तो बरोबरच होता. सदतीस आठवडे भरायच्या आत जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं, आणि फुफ्फुसातले हवेचे बारीक बारीक फुगे मिटू न देणारा जो पदार्थ असतो, सर्फॅक्टंट, तो पोटात शेवटच्या काही आठवड्यांतच पुरेसा तयार होतो, म्हणून तर दिवस भरायच्या आधी कळा सुरू होतील असं दिसलं की आईला इंजेक्शन देतात, बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. तिथे ‘अपरिपक्व’ म्हणजे एका अवयवाची अवस्था, मोजता येणारी. मी तोच शब्द अख्ख्या मुलाला लावला. चूक माझी आहे, मराठी शिकवणाऱ्या बाईने असं डोळे झाकून उतरवायला नको होतं. पण ज्या गोष्टीसाठी पैसे घेतले, म्हणजे शब्द कुठे चालतो नि कुठे नाही ते सांगणं, तेच त्या ॲपने केलं नाही.

त्या रात्री मी ॲप घेऊन बसले आणि एकेक वाक्य टाकत गेले. मुलगा इमॅच्युअर, अपरिपक्व. आंबा इमॅच्युअर, अपरिपक्व. मोतीबिंदू इमॅच्युअर, अपरिपक्व. कुणाचं तरी विधान इमॅच्युअर, तेही अपरिपक्व. मुदत ठेवीची मॅच्युरिटीची तारीख टाकली तर ‘परिपक्वता तारीख’, आमच्या पतसंस्थेत असं कोणी म्हणेल तर क्लार्क वर बघेल, तिथे सगळे ‘मुदत कधी भरते’ असंच विचारतात. मोतीबिंदूचं तर घरोघरी माहीत आहे, माझ्या सासूबाई तीन वर्षं म्हणत होत्या ‘अजून पिकला नाही, पिकला की काढू’, आता पिकायची वाट बघावी लागत नाही, नवीन पद्धतीत डॉक्टर आधीच काढतात, पण शब्द ‘पिकणं’ हाच आहे आणि तो कुठल्याही आजीला कळतो.

यातली गंमत अशी की ‘पिकणं’ आणि ‘अपरिपक्व’ एकाच घरातले आहेत. संस्कृत ‘पच्’ धातू, शिजणं, पचणं, पिकणं तिन्ही त्याच्याच पोटात, त्यातूनच पचन, पाक, पक्वान्न, पक्व, आणि प्राकृतातून घासत घासत आपलं पिकणं आणि पक्का. परि म्हणजे सगळीकडून. म्हणजे अपरिपक्व म्हणजे सगळ्या अंगांनी न शिजलेलं. पिठलं असतं तर ठीक होतं, आठ वर्षांच्या मुलाबद्दल असं लिहायचं म्हणजे काय.

मग उलटीकडून शोधलं. ‘पोरकट’ टाकलं, दोन इंग्रजी शब्द आले, चाइल्डिश आणि इमॅच्युअर, संपलं. एक उदाहरण नाही. आणि माझं सगळ्यात मोठं म्हणणं इथेच आहे, कारण पोरकट हा शब्द पोराला कधीच लावत नाहीत! सहा वर्षांच्या मुलाला कोण पोरकट म्हणतं? तो पोरच आहे. पोरकट म्हणतात पंचविशीतल्या घोड्याला, लग्न ठरलेल्या मुलाला, पन्नाशीच्या काकाला. वय पुढे गेलंय आणि वागणं मागे राहिलंय, तेव्हाच हा शब्द तोंडात येतो. त्यातला ‘कट’ बघा ना, मळकट, तेलकट, धुरकट, मातकट. मळ लागलेलं ते मळकट, तेल लागलेलं ते तेलकट. तसं पोरकट म्हणजे वागण्याला पोरपण लागलंय, डागासारखं, धुवायचं मनात आणलं तर धुता येईल असं. म्हणून पोरकट म्हणण्यात राग असतो पण आशाही असते, ‘पोरकटपणा सोड आता’ असं आपण म्हणतो, ‘अपरिपक्वता सोड’ असं कोणी म्हणतं का?

‘बालिश’ वेगळा. तो पेपरातला, सभेतला शब्द. विधान बालिश, आरोप बालिश, युक्तिवाद बालिश. माणसापेक्षा त्याच्या बोलण्याला जास्त लागतो, आणि म्हणणारा आपण स्वतः एक पायरी वर उभा आहे असं धरून बोलतो. कामाबद्दल बोलायचं तर ‘पोरखेळ’, म्हणजे जे गंभीरपणे करायचं ते खेळण्यासारखं केलं, ‘हा काय पोरखेळ लावलाय’ हे आमच्या हेडबाई ग्राउंडवर रोज म्हणतात. आणि बाळबोध! ॲपला ‘इमॅच्युअर रायटिंग’ विचारलं तर एक पर्याय ‘बाळबोध लेखन’ दिला. बाळबोध हे मोडीच्या समोरचं नाव, सुटी सुटी वाचायला सोपी देवनागरी ती बाळबोध लिपी, आणि ‘बाळबोध वळणाचं घर’ म्हणजे साधं सरळ जुन्या रीतीचं. बाळबोध लेखन असं कधीतरी नावं ठेवायलाही म्हणतात हे खरं, पण ते फार सोपं, कथेत काही खोली नाही या अर्थाने, लिहिणारा कच्चा या अर्थाने नव्हे. दोन्हींत अंतर आहे.

अल्लड शोधला, तिथेही इमॅच्युअर. अल्लड म्हणजे अर्धं कौतुक आहे हो, आजी नातीला म्हणते ना ‘अल्लड आहे अजून’, त्यात ती माफ केलेली असते. मुलाला मात्र अल्लड फारसं म्हणत नाहीत, त्याला अवखळ, खोडकर, द्वाड. हे मला शाळेच्या नोंदी लिहिताना फार जाणवतं, तेच वागणं मुलीचं असलं की एक शब्द, मुलाचं असलं की दुसरा, आणि मुलगी सातवीत गेली की अल्लडपणाची सवलत एकदम बंद.

‘जार’ टाकला, काचेची बरणी आली. ‘ओठावरचा जार वाळला नाही अजून’ हे वाक्य आमच्या घरी मी शंभरदा ऐकलंय, जन्मलेल्या बाळाच्या अंगाला असतो तो जार, तोच अजून सुकला नाही आणि तू आम्हाला शिकवतोस, असं मोठी माणसं धाकट्याला गप्प करायला म्हणतात. शब्दकोशात बरणीसोबत हा अर्थ यायला नको? ‘लिंबूटिंबू’ नाही. खेळात सगळ्यात लहान पोर, त्याला खेळायला घ्यायचं पण आऊट धरायचं नाही, ते लिंबूटिंबू, कच्चा लिंबू पण म्हणतात. इतक्या मायेने कच्चेपणाला जागा करून देणारा दुसरा शब्द मला माहीत नाही, आणि माझ्या त्या मुलाला खरं तर हाच लागू होता, तो घरात तीन चुलत भावांत सगळ्यात धाकटा, आजवर त्याला कोणी आऊटच दिलेलं नाही, मग शाळेत आऊट झाला की रडणार नाही तर काय करणार.

कायद्याच्या शब्दात तर ॲप साफ आपटलं. मुलीचं खातं काढायला गेले तेव्हाचं आठवलं म्हणून ‘मायनर अकाउंट’ टाकलं, ‘किरकोळ खाते’ आलं. सुटा ‘मायनर’ टाकला तर अल्पवयीन तरी दिलं, पण कागदोपत्री जो शब्द वर्षानुवर्षं चालत आलाय तो ‘अज्ञान’, आणि अठरा पूर्ण झाले की ‘सज्ञान’, १८७५ च्या इंडियन मेजॉरिटी ॲक्टमधलं वय. बोलताना अज्ञान म्हणजे अडाणी, कागदावर अज्ञान म्हणजे अठराच्या आतला, हा फरक ज्याला माहीत नाही तो फॉर्म बघून दुखावला जातो, मी बघितलंय, एक आजोबा पतसंस्थेच्या काउंटरवर भांडत होते की माझ्या नातवाला अज्ञान का लिहिलं, तो पाचवीत पहिला आहे.

आणि पिकणं ही नेहमीच चांगली गोष्ट असते असंही मराठीत नाही. भेंडी जून झाली की टाकून देतात. काकडी निबर झाली की गाईला. सहा वर्षांची मुलगी मोठ्या बायकांसारखी टोमणे मारायला लागली की तिला समंजस नाही म्हणत, आगाऊ म्हणतात. उलट समंजस, पोक्त, जाणता, मुरलेला, हे सगळे परिपक्वच्या एकाच डब्यात कोंबलेत ॲपने, मुरलेला म्हटलं की मला लोणच्याची बरणी आणि आमचे एक-दोन जुने राजकारणी एकदम आठवतात, पोक्त म्हटलं की घरची थोरली जाऊ.

सगळ्यात वाईट वाटलं ते ‘गाभुळलेला’ नाही म्हणून. ‘शब्द सापडला नाही’. गाभुळलेली चिंच ज्याने खाल्ली नाही त्याचं बालपण गोव्यात गेलंच नाही असं मी म्हणेन. हिरवी नाही, पिकलीही नाही, साल सुटायला लागलेलं, आत गर तपकिरी होत आलेला पण अजून टणक, आंबट आणि गोड जिभेवर भांडत असतात, पोरं त्याच अवस्थेसाठी झाडावर दगड मारतात, पूर्ण पिकायची वाट कोणी बघत नाही. तसंच आंब्याला पाड लागणं, म्हणजे झाडावरच पिकायला सुरुवात होणं. ‘पाड’ टाकलं तर ॲपला वाटलं मी कुणाला तरी पाडायला सांगतेय. अर्ध्या वाटेवरच्या अवस्थेला आपल्याकडे स्वतंत्र नावं आहेत, आणि ती नावं कमीपणाची नाहीत. इंग्रजीतून येताना ती सगळी गळून नुसतं ‘अ’ लागतं, अ-परिपक्व, काय नाही तेवढंच सांगणारं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेले होते. मानकुराद आंबा नुकता उतरायला लागलेला, भाव ऐकून पोटात गोळा येतो असे दिवस. मानकुराद या नावाची कथा गोव्यात सगळ्यांना माहीत असते, पोर्तुगीजांनी म्हणे रंग बघून ‘मालकोरादो’ म्हटलं, वाईट रंगाचा, त्याचं मालकुराद, मानकुराद झालं, आणि आज त्याच्याइतका मान दुसऱ्या आंब्याला नाही. तर तिथे एक म्हातारी पाटी घेऊन बसलेली. मी वरचा पिवळा दिसणारा उचलला. तिने माझ्या हातातून घेतला, देठाजवळ अंगठ्याने हळूच दाबला, हुंगला, परत ठेवला आणि दुसरा दिला. ‘‘हो आयज खा. तो फाल्यां.’’ हा आज, तो उद्या. आणखी दोन निवडले, ते बाजूला ठेवून म्हणाली आयतारा खा, म्हणजे रविवारी. प्रत्येक आंब्याला तिने वार दिला. कच्चा म्हणाली नाही, अपक्व म्हणाली नाही, कधी खायचा ते सांगितलं, बस.

सोमवारी मी नवीन कार्ड मागून घेतलं आणि लिहिलं: ‘उत्तरं लवकर सुचतात. हात वर करून थांबायला शिकतो आहे, आता दोन मुलांपर्यंत थांबतो. हरलं की अजून रडू येतं, पण परत खेळायला उठतो.’ जागा पुरत नव्हती, समासात गेले. त्याच्या आईला वाचून दाखवलं, ती ‘दोन मुलांपर्यंत थांबतो’ला हसली, म्हणाली घरी जेवताना एक मिनिट थांबत नाही. जुनं कार्ड तिने माझ्यासमोर फाडलं.

ज्यांना नुसता शब्द अडलाय, स्पेलिंग हवंय, झाडाचं नाव हवंय, प्रवासात आहात, नेट नाही, त्यांनी हे ॲप जरूर घ्यावं, ४९९ वसूल होतात. ज्यांना माणसाबद्दल काही लिहायचंय, शेरा, शिफारस, तक्रार, हॉस्पिटलचा कागद, त्यांनी यावर विसंबू नये. त्यापेक्षा मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश बघा, १८३१ ची पहिली आणि १८५७ ची वाढवलेली दुसरी आवृत्ती, नाहीतर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ मध्ये सात खंड आणि १९५० ला पुरवणी, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात. नेट लागतं, टाईप करताना एक मात्रा चुकली तर काही सापडत नाही, मोल्सवर्थचं इंग्रजीही जुनं आहे, चिकाटी हवी. पण दाते-कर्व्यांत एखादा शब्द कुठल्या भागात बोलतात त्याची खूण असते, कुडाळी, राजापुरी, आणि आपल्यासाठी ‘गो.’, म्हणजे गोमंतकी. त्या एका अक्षरासाठी मी आमच्या गावच्या वाचनालयात खंड काढून बसते आणि तास कसा गेला कळत नाही.

माझ्याकडून अडीच स्टार. ॲपमध्ये ‘शब्द सुचवा’ म्हणून बटण आहे, त्यातून मी पाच शब्द पाठवले, जार, पाड, लिंबूटिंबू, गाभुळलेला, आणि पोरकटसाठी तीन उदाहरणं. परवाच्या अपडेटमध्ये गाभुळलेला आलाय. अर्थ ‘अर्धवट पिकलेला’ असा दिलाय, तो चालेल, पण मी दिलेलं चिंचेचं वाक्य त्यांनी गाळलंय, ते आज परत पाठवलं.